सावधान आणि विश्राम : सततचा ताण आणि मुलांची मज्जासंस्था

परेड ग्राउंडवर आपण रोज दोन हुकूम ऐकतो, ‘सावधान’ आणि ‘विश्राम’. सावधानमध्ये टाचा जुळतात, मुठी आवळल्या जातात, नजर समोर खिळते. विश्राममध्ये पाय उघडतो, हात मागे जातात आणि अंग थोडे सैल होते. कोणताही उस्ताद स्क्वॉडला दिवसभर सावधानमध्ये उभे ठेवत नाही, कारण तसे केले तर चांगला धडधाकट कॅडेटही कोसळेल.

दहावीच्या विज्ञानात ‘नियंत्रण आणि समन्वय’ हा धडा शिकताना माझ्या लक्षात आले, की आपल्या शरीरातही हेच दोन हुकूम चालतात. मग प्रश्न पडला, की शरीराला सावधानचा हुकूम मिळाला आणि विश्रामचा मिळालाच नाही, तर काय होते?

हा प्रश्न पडण्याला आणखी एक कारण आहे. यंदा माझ्याकडे सहावीच्या डॉर्मिटरीची जबाबदारी आहे. नव्याने आलेल्या मुलांपैकी तीन-चार जण सोमवारी सकाळी एम.आय. रूमच्या बाकावर हमखास बसलेले असतात. तक्रार ठरलेली : पोट दुखते, डोके दुखते, मळमळते. ताप नसतो, तपासणीत काही निघत नाही. मग डॉर्मिटरीत एकच शब्द फिरतो, ‘नाटक’. हे खरेच नाटक असते का, हे शोधण्यासाठी मी वाचनालयातली पुस्तके चाळली आणि जीवशास्त्राच्या सरांना बरेच छळले. जे समजले, ते मराठी पानाच्या वाचकांसाठी लिहीत आहे.

शरीराचा सावधान

समजा, क्रॉस कंट्रीच्या वाटेवर अचानक साप दिसला. ‘हा साप आहे’ असा विचार पूर्ण होण्याआधीच पाय थबकतो. मेंदूत, दोन्ही कानशिलांच्या आत खोलवर, बदामाच्या आकाराचा अमिग्डला नावाचा भाग असतो. त्याला पहारेकरी म्हणता येईल. तो धोका ओळखतो आणि हायपोथॅलॅमसला खबर देतो. तिथून हुकूम दोन मार्गांनी निघतो.

पहिला मार्ग चेतातंतूंचा, म्हणून वेगवान. सिंपथेटिक म्हणजे अनुकंपी मज्जासंस्था जागी होते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या गाभ्यातून अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरते. हृदय जोरात धडधडते, श्वासनलिका रुंदावतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते आणि पचन मंदावते. शरीर लढायला किंवा पळायला तयार होते. अमेरिकेचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या तयारीचे सविस्तर वर्णन केले आहे.

दुसरा मार्ग रक्ताचा, म्हणून थोडा संथ. हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला संदेश देतो, पिट्यूटरी अ‍ॅड्रिनल ग्रंथींच्या बाहेरच्या थराला देते आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. कॉर्टिसॉल आपला शत्रू नाही. ते रक्तातील साखर वाढवून इंधन पुरवते. रोज सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आसपास ते सर्वांत जास्त असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. पुरेसे कॉर्टिसॉल तयार झाले, की मेंदूच ते ओळखून पुढचा पुरवठा थांबवतो.

साप झुडपात निघून गेला, की पॅरासिंपथेटिक म्हणजे परानुकंपी मज्जासंस्था विश्रामचा हुकूम देते. तिची मुख्य नस व्हेगस. ती मेंदूच्या तळापासून निघून हृदय, फुप्फुसे आणि पोटापर्यंत जाते. धडधड कमी होते, भूक परत येते.

साप गेलाच नाही तर

मुलांच्या आयुष्यातला साप बहुधा दिसत नाही. घरात रोजचे भांडण असते. पाऊस लांबलेल्या वर्षी रात्री हळू आवाजात कर्जाची बोलणी चाललेली असतात. कुणाला वर्गात रोज हसतात, कुणाला मार बसण्याची भीती असते, कुणाचे वडील सीमेवर असतात आणि आठवडाभर फोन आलेला नसतो. हे धोके झुडपात निघून जात नाहीत. पहारेकरी घंटा वाजवतच राहतो.

हॅन्स सेल्ये या शास्त्रज्ञांनी १९३६ साली ‘नेचर’ या नियतकालिकात उंदरांवरील प्रयोगांबद्दल एक छोटे टिपण लिहिले. थंडी असो, जखम असो की अति श्रम, त्रास लांबला की शरीर तीन टप्प्यांतून जाते, असे त्यांना दिसले. आधी धोक्याची जाणीव, मग तग धरणे आणि शेवटी थकून हार मानणे. पुढे ब्रूस मॅकइवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली दाखवले, की उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग असे संप्रेरक धरून ठेवतो. म्हणजे ताणाचे रसायन थेट मेंदूवर काम करते. तग धरून धरून शरीराची जी झीज होते, तिलाही मॅकइवेन यांनी १९९३ साली शास्त्रीय नाव दिले.

मेंदूतल्या तीन जागांवर या झिजेचा परिणाम महत्त्वाचा ठरतो. अमिग्डला अतिसावध होतो, साध्या हाकेनेही दचकायला होते. हिप्पोकॅम्पस आठवणी साठवतो आणि कॉर्टिसॉलला आवर घालायलाही मदत करतो, म्हणून तो दमला की पाठांतर टिकत नाही आणि घंटाही लवकर थांबत नाही. कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग लक्ष देणे, राग आवरणे, पुढचा विचार करणे ही कामे करतो. तो पूर्ण तयार व्हायला विशीचे मधले वय उजाडते. म्हणजे आपल्या वयात पहारेकरी तयार असतो, पण त्याचा कमांडर अजून प्रशिक्षणातच असतो. म्हणून दीर्घ ताणाचा फटका मोठ्यांपेक्षा मुलांना जास्त बसू शकतो.

बुखारेस्टची मुले

याचे सर्वांत बोलके उदाहरण मला रोमानियात सापडले. १९८९ च्या डिसेंबरात तिथली चाउशेस्कू यांची राजवट कोसळली, तेव्हा एक लाखाहून अधिक मुले सरकारी संगोपनगृहांत होती. अन्न आणि छप्पर होते, पण मुलांच्या मानाने माणसे फार थोडी. रडणाऱ्या बाळाला उचलून घ्यायला कुणी नसे.

२००० साली चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी बुखारेस्टमध्ये १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निम्म्या मुलांची निवड झाली आणि त्यांना सांभाळणारी कुटुंबे मिळवून दिली. उरलेल्यांची व्यवस्था पूर्वीसारखी राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी आणि माणसांशी जुळवून घेण्याची क्षमता, दोन्ही अधिक सुधारल्या. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना सर्वांत जास्त फायदा झाला.

ही मुले बारा वर्षांच्या आसपास असताना त्यांना अनोळखी परीक्षकांसमोर बोलण्यासारखी कामे दिली आणि नाडी, कॉर्टिसॉल वगैरे मोजले. संस्थेतच राहिलेल्या मुलांच्या शरीराने फारशी दखलच घेतली नाही. त्यांची घंटा जणू बधिर झाली होती. लवकर घर मिळालेल्यांचे शरीर मात्र घरात वाढलेल्या इतर मुलांसारखेच वागले. यातून मला एक गोष्ट समजली. ताणाने पिचलेले मूल नेहमी रडत किंवा दचकतच असेल असे नाही. कधी ते अगदी गप्प आणि निर्विकार दिसते, आणि आपण त्याला ‘टफ’ म्हणून मोकळे होतो.

रोजच्या दिवसात हे कसे दिसते

आता पोटदुखीकडे येऊ. आतड्यांच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचे स्वतःचे जाळे असते आणि ते व्हेगस नसेने मेंदूशी जोडलेले असते. मेंदू सावधानमध्ये असला, की आतड्यांची हालचाल बिघडते आणि एरवी न जाणवणारे ताणही दुखू लागतात. तपासणीत काही निघत नाही म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. मी सहावीत आलो, तेव्हा हिंदीत वाक्य जुळवताना घाम फुटायचा आणि संध्याकाळच्या रोलकॉलच्या आधी पोटात मुरडा यायचा. रविवारी आईशी फोनवर दहा मिनिटे बोललो, की त्या रात्री तो येत नसे. तेव्हा कारण कळत नव्हते, आता कळते.

झोपेचेही तसेच. कॉर्टिसॉल रात्री उतरायला हवे. ते उतरले नाही तर डोळा लागत नाही, आणि झोप झाली नाही की दुसऱ्या दिवशी ताण आणखी चढतो. काही मुलांचे सुटलेले अंथरूण ओले करणे ताणामुळे पुन्हा सुरू होते. हा आळस नाही. अशा मुलाला सर्वांदेखत हसणे म्हणजे वाजणारी घंटा आणखी जोरात वाजवणे.

जखमासुद्धा ताण ओळखतात. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर दोनदा सारखीच छोटी जखम केली, एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी तीन दिवस जास्त लागले.

मग ताणच नको का?

तसे अजिबात नाही. बॉक्सिंग रिंगमध्ये उतरण्याआधी किंवा स्टेजवर भाषणाला जाण्याआधी होणारी धडधड चांगली असते. ती येते आणि जाते, आणि तिच्यामुळे आपण तयार होतो. दुसरा ताण मोठा असतो, उदाहरणार्थ घरातला मृत्यू किंवा अपघात; पण जवळ आधार देणारे माणूस असेल तर मूल त्यातून सावरते. तिसरा ताण जोरदार आणि दीर्घकाळ चालणारा, ज्यात मूल एकटे पडते. झीज करणारा ताण हा. दुसऱ्यात आणि तिसऱ्यात फरक पडतो, तो बहुतेक वेळा एका भरवशाच्या माणसामुळे.

आणखी एक दिलासा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात महिनाभर मोठ्या परीक्षेच्या ताणाखाली असलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना एका गोष्टीवरून दुसऱ्या गोष्टीकडे लक्ष वळवणे जड जात होते. परीक्षेनंतर महिनाभराने ते पुन्हा इतरांच्या बरोबरीला आले. ती मोठी माणसे होती हे खरे, पण मेंदूला विश्राम मिळाला तर तो बरेच काही दुरुस्त करतो, हे यातून दिसते.

आपण काय करू शकतो

१. श्वास. चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सोडा. श्वास सोडताना व्हेगस नस हृदयाचा वेग कमी करते. पाच मिनिटे पुरतात. परीक्षेच्या हॉलमध्येही हे कुणाच्या लक्षात न येता करता येते.

२. झोप. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, लहानांना त्याहून जास्त. आपले दिवे दहाला बंद होतात आणि बिगुल साडेपाचला वाजतो, म्हणजे हातात साडेसात तासच. म्हणून दुपारच्या विश्रांतीचा तास महत्त्वाचा. त्या तासात ज्युनिअरला बूट पॉलिश करायला किंवा बाटल्या भरायला पाठवणे आपण सीनिअरांनी बंद करायला हवे. आमच्या डॉर्मिटरीत या सत्रापासून ते बंद आहे.

३. माणूस. प्रत्येक नव्या मुलाला एक तरी नाव सांगता आले पाहिजे, ज्याच्याकडे तो रात्रीही जाऊ शकेल. मग ते हाउस मास्तर असोत, मेट्रन असोत की वरच्या वर्गातला दादा. जमल्यास त्याच्या भाषेत बोला. नांदेडहून आलेल्या मुलाला ‘जेवलास का?’ असे मराठीत विचारायला काहीच खर्च येत नाही.

४. मदत. पोटदुखी, झोप न लागणे किंवा उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर एम.आय. रूमच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पोटदुखीचे दुसरे कारण नाही ना, हेही तेच पाहतील. शिवाय सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

मित्रांनो, आपल्यापैकी बरेच जण उद्या पलटणीत जवानांचे नेतृत्व करतील. आपला कोणता माणूस आतून थकला आहे, हे तो न सांगता ओळखणे हेही अधिकाऱ्याचे काम आहे. त्याचा सराव आजपासून, शेजारच्या पलंगापासून करता येतो. सोमवारी कुणी पोट धरून बसलेला दिसला, तर ‘नाटक’ म्हणण्याआधी त्याच्याशेजारी दोन मिनिटे बसा आणि रविवारी घरी फोन लागला होता का, एवढे विचारा.