पाण्यात पाच मिनिटं, गंज वर्षभर

प्रश्न : मी चेन्नईत बेझंट नगरला राहतो. माझी छोटी शिडाची होडी आहे. ती ट्रेलरवर घालून गाडीमागून ओढत नेतो. ट्रेलर खाऱ्या पाण्यात जातो तो होडी उतरवताना पाच मिनिटं आणि परत चढवताना पाच मिनिटं. एरवी तो पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली कोरडा उभा असतो. तरी चार वर्षांत गंजला! वरून रंग बरा दिसतो, पण वेल्डर म्हणतो, आतून गेलाय. घासून रंगवला तर चालेल का? होड्यांना लावतात तसे जस्ताचे ठोकळे लावू का? की सरळ भंगारात देऊ?

उत्तर : भंगारवाल्याला एवढ्यात बोलावू नका. आधी हे पाहू, की दहा मिनिटांच्या आंघोळीने लोखंड एवढं कसं खाल्लं. खरं म्हणजे आंघोळीने ते खाल्लंच नाही. तुमचा ट्रेलर गंजला तो शेडमध्ये.

बरणीतलं खडा मीठ पावसाळ्यात पाझरतं, हे घरोघरी ठाऊक आहे. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की ओल धरून विरघळायला लागतं. समुद्राच्या पाण्यात त्याच्या जोडीला मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते जास्त हावरट. त्याला 33 टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. चेन्नईच्या किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी क्वचितच होते. म्हणजे ट्रेलर पाण्याबाहेर आला, वरवर सुकला, तरी त्याच्या अंगावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर रात्रंदिवस राहतोच. गंज चढायला पाणी लागतं तसा प्राणवायूही लागतो, आणि पातळ थरातून तो लोखंडापर्यंत सहज पोचतो. त्यामुळे पाण्यात पूर्ण बुडालेल्या लोखंडापेक्षा असं ओलसर लोखंड पुष्कळदा लवकर गंजतं.

आता शेडबद्दल. आडोशाला ठेवलेली वस्तू टिकते हा आपला पिढीजात समज, आणि पुण्या-नगरकडे तो खराही आहे. समुद्रकाठी मात्र उलटं होतं. ऑक्टोबर ते डिसेंबर तुमच्याकडे ईशान्य मोसमी पाऊस पडतो. उघड्यावरच्या लोखंडाचं मीठ तो फुकटात धुऊन नेतो, शेडमधलं मीठ तसंच राहतं. शिवाय खारा वारा त्यात रोज नवी भर घालतो, आणि ताडपत्रीखाली ओल कोंडून राहते. तेव्हा ट्रेलर खुशाल पावसात उभा करा. शेजारी हसतील, हसू द्या.

कारैकुडीला केंद्रीय विद्युत्-रासायनिक संशोधन संस्था आहे, 1953 पासून. धातूंचा गंज हा तिच्या अभ्यासाचा एक मोठा विषय. अशा अभ्यासांतून एक गोष्ट ठाम झालेली आहे : भरतीच्या रेषेपासून जसजसं आत जावं तसतसं हवेतलं मीठ झपाट्याने कमी होतं. वेळचेरीला कुणी ओळखीचं असेल आणि त्याच्या आवारात जागा असेल, तर ट्रेलर तिथे ठेवणं हा रंगाच्या दोन हातांपेक्षा चांगला उपाय आहे.

मग ‘आतून गेलाय’ म्हणजे काय? ट्रेलरचा सांगाडा बहुतेक वेळा चौकोनी बॉक्स पाइपचा असतो. पाइपच्या तोंडातून, बोल्टच्या भोकांतून खारं पाणी आत शिरतं. आत रंग नाही, ऊन नाही, पाऊस नाही. पाणी खालच्या बाजूला साचून हळूहळू आटतं, मीठ मागे ठेवतं, पुढच्या खेपेला आणखी येतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून आत पापुद्र्यांवर पापुद्रे चढतात आणि ते पुन्हा ओल धरतात. बाहेरून तुम्ही मात्र चकचकीत रंगाकडे बघून खूश! ही फसगत मोठमोठ्यांची होते. पणजीला मांडवीवरचा नेहरू पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला, तेव्हा काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्याचं निघालं.

तेव्हा पहिलं काम रंगाचं नाही, हातोडीचं. छोटी हातोडी घ्या आणि पाइपच्या खालच्या अंगाने, वीत-वीत अंतरावर ठोकत जा. धड पोलाद खणखणीत वाजतं. कुजलेला भाग बद्द वाजतो आणि कधी आतून पापुद्रे खळखळतात. जिथे बद्द वाजेल तिथे टोच्याने दाबून पाहा. आडव्या दांड्यांचे जोड आणि कमानपाट्यांचे यू-बोल्ट आवळलेल्या जागा, इथे हमखास सापडेल. खडूने खुणा करा, म्हणजे वेल्डरशी वाद होणार नाही.

खुणा केलेला भाग कापून काढायचा, आणि तोही पूर्ण जाडीचं लोखंड लागेपर्यंत. वेल्डर भोकावर पट्टी डकवून देतो म्हणाला, तर हात जोडा. कुजक्या पातळ लोखंडावर वेल्डिंग धरत नाही, आणि पट्टीमागची फट मिठाला नवं घर देते. गाडीच्या हुकापासून सांगाड्यापर्यंत येणारी पुढची दांडी कुजली असेल, तर तिला ठिगळ लावूच नका, अख्खी बदला. सगळा ताण तिच्यावर असतो आणि ती तुटते ती भर रस्त्यात, ईस्ट कोस्ट रोडवर, मागून बस येत असताना. आडव्या दांड्या नव्याने करायच्या असतील तर बॉक्स पाइपऐवजी उघडं सी-चॅनल वापरायला सांगा. पीळ सोसायला ते बॉक्सपेक्षा कमी पडतं, म्हणून जरा जाड घ्यावं लागेल. पण त्याची आतली बाजू दिसते, धुता येते, रंगवता येते.

तुमच्या ट्रेलरवर जस्ताचा मुलामा असेल, तर वेल्डिंगच्या जागचा मुलामा आधी घासून काढायला हवा आणि काम उघड्यावर व्हायला हवं. जस्ताच्या पांढऱ्या धुराने वेल्डरला काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. दूध प्यायलं की बाधत नाही असं बरेच कारागीर मानतात. दुधाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता ठोकळ्यांचं. हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने 1824 च्या सुमारास ब्रिटिश आरमाराच्या जहाजांवर हा प्रयोग केला. तळाचं तांबं गंजू नये म्हणून त्याने त्याला लोखंडाचे नि जस्ताचे तुकडे जोडले. तांबं वाचलं. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषाने दूर राहणारे शिंपले आता मजेत तळाला चिकटले आणि जहाजं मंदावली! तुमची अडचण निराळी आहे. ठोकळा स्वतः झिजून दुसऱ्या धातूला वाचवतो, पण त्यासाठी दोघंही एकाच पाण्यात बुडालेले असावे लागतात. होडीच्या तळाला तो ठीक आहे. ट्रेलर पाण्यात दहाच मिनिटं असतो, म्हणून उरलेला आठवडा ठोकळा नुसता शोभेचा.

तेच जस्त सबंध अंगभर, आतून-बाहेरून चढवलं तर मात्र उपयोग होतो. दुरुस्ती झाल्यावर सांगाडा सुटा करून गरम गॅल्वनायझिंगला द्या. त्यात तो आधी आम्लात धुतात आणि मग सुमारे 450 अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. मोठ्या औद्योगिक वसाहतींत हे काम वजनावर करून मिळतं. एक गोष्ट विसरू नका : प्रत्येक बंद पाइपला दोन्ही टोकांशी भोकं पाडून द्या. आत अडकलेल्या पाण्याची त्या उष्णतेत एकदम वाफ होते आणि पाइप फुटू शकतो. हीच भोकं पुढे पाणी निथळायला उपयोगी पडतात. पाइपच्या मधोमध, खालच्या अंगाला मात्र पाडू नका. वाकण्याचा जोर तिथे सर्वांत जास्त असतो.

एवढा खर्च नको असेल तर रंगही चालेल, पण क्रम चुकवू नका. गोड्या पाण्याने धुवा, वायर ब्रशने किंवा ग्राइंडरने घासा, पुन्हा धुवा, सुकवा आणि त्याच दिवशी जस्तयुक्त प्रायमर लावा. मधलं धुणं सगळे टाळतात. घासल्यावरही खळग्यांत मीठ उरतं आणि रंगाखाली फोड आणतं. गंजाचं काळं करून टाकणारी औषधं मिळतात, ती पातळ तांबूस थरावर ठीक. पापुद्र्यांवर ओतणं म्हणजे पैसे ओतणं.

‘गोडं पाणी’ मुद्दाम म्हणतोय. तुमच्या भागात बऱ्याच बोअरचं पाणी मचूळ असतं. ट्रेलर दर वेळी इमानाने धुऊनही गंजला असेल, तर आधी ते पाणी जिभेला लावून पाहा. तमिळनाडूत 2003 पासून इमारतींना पावसाचं पाणी साठवणं किंवा मुरवणं सक्तीचं आहे. तुमच्या सोसायटीत टाकी असेल, तर त्यातल्या चार बादल्या ट्रेलरला द्या, आणि नळी पाइपच्या तोंडातून आत घालून धुवा.

जाता जाता चाकांकडेही बघा, तुम्ही विचारलं नसलंत तरी. रस्त्यावर धावून हब तापतो. तसाच पाण्यात घातला की आतली हवा गार होऊन आकसते आणि सील ओलांडून खारं पाणी आत ओढलं जातं. ग्रीस पांढुरकं दिसलं तर समजा, पाणी शिरलंय. बेअरिंग उघडून, धुऊन, नवं मरीन ग्रीस भरा. किनाऱ्यावर पोचल्यावर अर्धा तास थांबून हब हाताला गार लागला, की मगच ट्रेलर पाण्यात ढकला.