शेळी आत, मग कुत्रा बाहेर का?

प्रश्न : आमचे घर मखमलाबादच्या पुढे मळ्यात आहे. दीड वर्षापूर्वी मुलांनी गावठी कुत्र्याचे पिल्लू आणले. आता ते चांगले मोठे झाले आहे. दिवसा त्याला अंगणात साखळीला बांधतो, रात्रीही ते ओट्यावर बांधलेलेच असते. मुलांना ते घरात हवे आहे. सासरे म्हणतात, कुत्रा दाराबाहेरच शोभतो. तो आत घेतला तर राखण कोण करणार? शिवाय घरात देवघर आहे. गावठी कुत्रा काटक असतो, ऊन-थंडी त्याला बाधत नाही, असेही त्यांचे मत आहे. योग्य काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : दिवसा अंगण चालेल, पण साखळीशिवाय. रात्री मात्र तो घरातच हवा. कुत्रा कुठल्याही गावचा असता तरी हेच सांगितले असते, पण नाशिकच्या मळ्यात राहणाऱ्यांना ते जास्त कळकळीने सांगावे लागते, कारण आपल्याकडे बिबट्या आहे.

गोदावरी आणि दारणेच्या काठचा ऊस त्याने केव्हाच आपलासा केला आहे. मादी उसातच पिल्ले घालते, तिथेच वाढवते. नोव्हेंबर 2023 मध्ये तर सिडको आणि गोविंदनगरच्या भरवस्तीत बिबटे शिरले होते. मळ्यातल्या घरांपर्यंत यायला त्याला वेळ लागत नाही, आणि अंगणात तो बहुतेक वेळा कुत्र्यासाठीच येतो.

आपल्या इगतपुरी-सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचे नमुने तपासून तो काय खातो याचा अभ्यास केला. हा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा होता फक्त 11 टक्के. अभ्यासकांनी याचे कारण साधे सांगितले : शेळ्या रात्री गोठ्यात किंवा घरात घेतल्या जातात, कुत्री बाहेर राहतात. दिवेलागणीला आपण शेळी मोजून आत घेतो. तेवढी काळजी कुत्र्याच्या वाट्याला आली, तर त्याचा जीव वाचेल.

आता राखणीचे. कुत्रा राखण करतो ती कानाने, नाकाने आणि आवाजाने. दारामागे झोपलेल्या कुत्र्यालाही अंगणातली चाहूल लागते. तो भुंकतो, घर जागे होते. साखळीतल्या कुत्र्याला बिबट्यापासून पळताही येत नाही. शिवाय ओट्यावरचा कुत्रा रात्री बिबट्याला घराच्या दारापर्यंत आणतो, आणि त्याच ओट्यावरून तुमची मुले जा-ये करतात, हेही सासऱ्यांच्या कानावर घाला.

काटकपणाबद्दल ते म्हणतात त्यात तथ्य आहे. पण गावठी कुत्रा काटक राहतो, कारण तो आपली जागा आपण शोधतो. उन्हात झाडाखाली माती उकरून गारव्याला बसतो, थंडीत चुलीच्या राखेजवळ जातो, पावसात गाडीखाली शिरतो. साखळीने हा उपायच त्याच्याकडून काढून घेतला जातो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पत्र्याखाली बांधलेल्या कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो आणि त्यात तो दगावूही शकतो. दुसरीकडे निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण हिवाळ्यात वाचतोच. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यानेही जनावराला आखूड वा जड साखळीला अवाजवी वेळ बांधून ठेवणे आणि सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणे हा गुन्हा ठरवला आहे.

देवघराचा मान ठेवायलाच हवा. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाच्या सोबतही कुत्रा असतो. तरीही ज्या घरात सोवळे पाळतात तिथे ते पाळावे. कुत्र्याला उंबरठा शिकवता येतो. पुढच्या खोलीत दाराजवळ त्याचे पोते किंवा जुनी सतरंजी कायम एकाच जागी टाका. देवघर आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर तो आला की प्रत्येक वेळी शांतपणे मागे न्या, जागेवर बसला की शाबासकी द्या. घरातल्या सर्वांनी एकच नियम पाळला, तर तो लवकर शिकतो. रेबीजची लस दरवर्षी, जंताचे औषध पशुवैद्य सांगतील तेव्हा, आणि रोज संध्याकाळी कानामागे व बोटांच्या बेचक्यात गोचीड पाहणे, एवढे केले तर तो मुलांजवळ झोपायला हरकत नाही.

मळ्यातल्या कुत्र्यासाठी आणखी एक गोष्ट. नाशिकची दोन मोठी पिके त्याला विषारी आहेत. द्राक्षे, बेदाणे आणि मनुकांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, तर कांद्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कांदा शिजवला तरी विष जात नाही. म्हणून कांदा घातलेल्या आमटीत भाकरी कुस्करून देऊ नका. बागेत गळलेले मणी तो खाणार नाही, असे पाहा. फवारणीच्या दिवशी त्याला बागेत सोडू नका, कारण अंगाला लागलेले औषध तो चाटतो.

बिबट्या दिसला तर त्याच्या मागे न जाता वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवा. आणि आज संध्याकाळी कडी लावण्याआधी कुत्र्याला नावाने हाक मारून आत घ्या. पहिली हाक सासऱ्यांनाच मारू द्या. घरातल्या मोठ्या माणसाने आत बोलावले की मग कुत्र्याच्या जागेवरून घरात वाद राहणार नाही.