पटकी : जंतू, विष आणि मीठ-साखरेचे पाणी

आतड्यांच्या जंतुजन्य रोगांपैकी विषमज्वर, हगवण व पटकी हे तीन आपल्याकडे पूर्वापार परिचयाचे आहेत. पटकीला कन्नडमध्ये ‘वांतिभेदी’ म्हणतात. उलटी व जुलाब ही दोन्ही लक्षणे त्या एका शब्दात आली आहेत. खेडोपाडी या रोगाचा संबंध मरीआईच्या कोपाशी जोडला जाई. त्याचे खरे कारण कोणते व त्यावरील उपाय इतका सोपा कसा, हे थोडक्यात पाहू.

पटकीचा जंतू स्वल्पविरामासारखा वाकडा असतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यास तो शुद्ध स्वरूपात वाढवून दाखविला. दूषित पाण्यावाटे तो पोटात जातो. जठरातील आम्लात बहुतेक जंतू मरतात. उरलेले लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून वाढतात. विशेष हे की, विषमज्वराच्या जंतूप्रमाणे ते रक्तात पसरत नाहीत, किंवा आतड्याला जखमाही करीत नाहीत. मग धडधाकट माणूस काही तासांत मरणाच्या दारी कसा पोहोचतो?

या प्रश्नाचे उत्तर कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दिले. ज्या द्रवात जंतू वाढविले होते, तो त्यांनी गाळून पूर्णपणे जंतुरहित केला व सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या भागात सोडला. जंतू नसतानाही आतड्यात पाणी साचले. अर्थात रोगाचे मूळ जंतूने बाहेर टाकलेल्या विषात होते. या विषामुळे अस्तरातील पेशी क्लोराइड बाहेर टाकू लागतात. त्यामागून सोडियम व पाणी जाते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात आणि तीव्र रोगात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. रोगी मरतो तो या शोषामुळे.

परंतु याच पेशींतील एक वाट विषाने बंद होत नाही. ग्लुकोज व सोडियम एकत्र आले की पेशी दोन्ही आत घेतात आणि त्यांच्याबरोबर पाणीही शोषले जाते. नुसत्या पाण्याने किंवा नुसत्या मिठाने हे साधत नाही. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते नातेवाइकांकरवी रोग्यांना पाजले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले.

हे द्रावण घरीही करता येते. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. मीठ जास्त झाल्यास अपाय होतो, म्हणून माप चुकवू नये. तयार पुडी मिळाल्यास तीच वापरावी. उलटी झाली तरी थोडे थांबून घोट-घोट पाजत राहावे. प्रतिजैविकांनी जुलाबाचा काळ कमी होतो, पण पहिला उपचार पाण्याचाच. रोगी ग्लानीत गेला किंवा पिईनासा झाला, तर विलंब न लावता दवाखान्यात न्यावे.

जुलाब लागले की पाणी तोडण्याची चाल अजून काही घरांतून आहे. वर सांगितलेले कारण ज्याला समजले, त्याने निदान आपल्या घरी तरी ती मोडावी. विज्ञान शिकल्याचा एवढा उपयोग व्हावयासच हवा.