फळी बदलली, नियमही बदलले!



माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत टेक्सस राज्यात राहतो. जुन्या गाड्या दुरुस्त करण्याची त्याला हौस आहे. गेल्या वर्षी त्याने एक जुनी पिकअप, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली मालगाडी, विकत घेतली. फोर्ड कंपनीने कारखान्यातूनच तयार होऊन येणारी पिकअप १९२५ साली विकायला आणली. पुढे कित्येक वर्षे अनेक पिकअपच्या हौद्याचा तळ लाकडी फळ्यांचा असे. बहुधा पाइनच्या किंवा ओकच्या फळ्या वापरीत. आपल्याकडील मालट्रकच्या हौद्यातही अशा फळ्या तुम्ही पाहिल्या असतील.

या गाडीच्या फळ्या कुजल्या होत्या. शेजाऱ्याच्या घरामागील उघड्या ओट्याचे काम नुकतेच झाले होते व त्यातील काही 'संमिश्र फळ्या' उरल्या होत्या. लाकडाचा भुसा आणि पॉलिएथिलीनसारखे प्लॅस्टिक एकत्र तापवून, दाबून या फळ्या करतात. त्या सहसा कुजत नाहीत, त्यांना वाळवी लागत नाही व रंग देण्याची कटकट नसते. आमच्या मित्राने मार्च महिन्यात एका थंड सकाळी त्या हौद्यात बसविल्या. पुढच्या भिंतीपासून मागच्या कडेपर्यंत अगदी घट्ट बसविल्या आणि बोल्टने आवळल्या.

जुलैमध्ये त्याचे पत्र आले. "सर, दोन बोल्टांच्या मधे फळ्या वर उचलल्या आहेत. शिवाय दोन दिवस विटा भरून ठेवल्या, तर त्या जागी तळाला झोळ आला व विटा काढल्यावरही तो पूर्ण गेला नाही. जुन्या लाकडी फळ्या कुजल्या खऱ्या, पण शेवटपर्यंत सपाट होत्या. माझे काय चुकले?"

या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातील पदार्थविज्ञानातच आहे. चला, ते शोधू या.

फळ्या का उचलल्या?

उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हे तुम्हांला ठाऊक आहे. पण सर्व पदार्थ सारखे प्रसरण पावत नाहीत. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की १ मीटर लांबीची पाइनची फळी लांबीच्या दिशेने सुमारे ०.००४ मि.मी. वाढते. पोलाद सुमारे ०.०१२ मि.मी. वाढते. संमिश्र फळी मात्र सुमारे ०.०४ मि.मी. वाढते, म्हणजे लाकडाच्या जवळजवळ दहापट. हा प्लॅस्टिकचा गुण आहे.

हौदा २.४ मीटर लांब आहे. फळ्या बसविल्या तेव्हा तापमान १५ अंश होते आणि जुलैच्या उन्हात ते ६० अंशांवर गेले असे समजा. फरक ४५ अंशांचा झाला. आता गुणाकार करा:

संमिश्र फळी: ०.०४ × २.४ × ४५ = सुमारे ४.३ मि.मी.
पोलादी हौदा: ०.०१२ × २.४ × ४५ = सुमारे १.३ मि.मी.

हौद्यापेक्षा फळी ३ मि.मी. जास्त वाढली. ३ मि.मी. म्हणजे फारसे काही नाही असे तुम्हांला वाटेल. पण फळीला पुढे-मागे सरकायला जागाच नव्हती. खालच्या आडव्या पोलादी आधारांना ती दर ६० से.मी.वर बोल्टने जखडली होती. म्हणजे ६० से.मी.च्या प्रत्येक टप्प्यात ०.७५ मि.मी. जादा लांबी कोंबली गेली. ती जाणार कोठे? वरच!

फळी मध्यावर उचलून छपरासारखी झाली असे धरा. मग ३० से.मी. पाया आणि ३०.०३७५ से.मी. कर्ण असलेला काटकोन त्रिकोण तयार होतो. पायथागोरसच्या प्रमेयाने त्याची उंची काढा. ती जवळजवळ १.५ से.मी. येते! लांबीतील वाढ पाऊण मिलिमीटर, पण उंची मात्र तिच्या वीसपट. प्रत्यक्षात काही वाढ फळी दाबली जाऊन मुरते, त्यामुळे उचल याहून कमी असते. तरीही हाताला सहज लागेल इतकी ती असतेच.

मग लाकडी फळ्या कशा सपाट राहिल्या? लाकूड उष्णतेने फारसे वाढत नाही, ते पाण्याने फुगते. पावसाळ्यात घराचे दार चौकटीत घट्ट बसते हे तुम्ही अनुभवले असेल. पण हे फुगणे मुख्यतः रेषांच्या आडव्या दिशेने, म्हणजे रुंदीत होते. लांबीत ते नगण्य असते. लाकडातील ओलाव्याचे प्रमाण ६ टक्क्यांनी वाढले, तर १४ से.मी. रुंदीची फळी सुमारे २ मि.मी. रुंद होते. जुन्या कारागिरांना हे पक्के माहीत होते. म्हणून ते शेजारच्या दोन फळ्यांमध्ये फट ठेवीत आणि त्या फटीवर लांब पोलादी पट्टी बसवीत. पट्टी फळ्यांच्या कडा दाबून धरी, पण फळ्यांना आडवे सरकू देई.

जुन्या रचनेत मोकळी जागा होती ती रुंदीच्या दिशेने. नव्या फळीला मोकळी जागा हवी होती लांबीच्या दिशेने. आमच्या मित्राने पदार्थ बदलला, पण मोकळी जागा होती तेथेच ठेवली. त्याची मुख्य चूक हीच.

झोळ का आला?

दोन आधारांवर ठेवलेल्या फळीच्या मध्यावर भार दिला तर ती किती वाकते? त्याचे सूत्र असे आहे:

वाक = (भार × आधारांतील अंतराचा घन) ÷ (४ × यंगचा गुणांक × रुंदी × जाडीचा घन)

यंगचा गुणांक म्हणजे पदार्थाच्या ताठरपणाचे माप. पाइनसाठी तो सुमारे १२ अब्ज पास्कल, तर संमिश्र फळीसाठी सुमारे ३ अब्ज पास्कल असतो. म्हणजे सारख्या मापाची संमिश्र फळी चौपट वाकेल. नवी फळी २५ मि.मी. जाड होती व जुनी १९ मि.मी. त्यामुळे थोडी भरपाई झाली, पण पूर्ण नाही. रुंदी १४ से.मी., अंतर ६० से.मी. आणि भार १००० न्यूटन, म्हणजे सुमारे १०० कि.ग्रॅ. वजनाइतका, घेऊन गणित केले तर:

पाइन, १९ मि.मी. जाड: वाक सुमारे ४.७ मि.मी.
संमिश्र, २५ मि.मी. जाड: वाक सुमारे ८.२ मि.मी.

बोल्टने आवळलेली, अनेक आधारांवरून जाणारी फळी याहून कमी वाकते, पण तुलना साधारण हीच राहते. त्यात दुसरी अडचण अशी की, प्लॅस्टिक तापले की मऊ पडते आणि त्यावर सतत भार राहिला तर ते सावकाश वाकतच जाते. भार काढल्यावर सगळा वाक परत जात नाही. लाकडातही हे घडते, पण बरेच कमी. उन्हात दोन दिवस विटा ठेवल्यावर झोळ कायम राहिला तो यामुळे.

उपाय काय?

सूत्राकडे पुन्हा पाहा. अंतराचा घन आहे! दोन आधारांच्या बरोबर मधे आणखी एक आधार दिला तर अंतर निम्मे होते आणि वाक एक-अष्टमांश होतो. ८.२ मि.मी.चा वाक १ मि.मी.वर येतो. पदार्थ न बदलता, केवळ आधार वाढवून फळी जुन्या लाकडापेक्षाही ताठ झाली.

मी त्याला तीन गोष्टी कळविल्या. पहिली, प्रत्येक दोन आधारांमधे नवा पोलादी आधार बसव. दुसरी, फळीचे एकच टोक पक्के आवळ. बाकीची भोके लांबीच्या दिशेने लंबगोल कर, म्हणजे फळीला बोल्टखाली सरकता येईल. मोकळ्या टोकाशी ६ मि.मी. फट ठेव. तिसरी, वजनाचा हिशेब कर. पाइनची घनता दर घनमीटरला सुमारे ६०० कि.ग्रॅ., तर संमिश्र फळीची सुमारे १०५० कि.ग्रॅ. अशा आठ फळ्यांचा जुना तळ सुमारे ३१ कि.ग्रॅ.चा होता, नवा सुमारे ७१ कि.ग्रॅ.चा. हे जादा ४० कि.ग्रॅ. आणि नव्या आधारांचे वजन गाडीने वाहायच्या मालातून वजा झाले पाहिजे. ते विसरून पूर्ण माल भरला तर त्याचा ताण स्प्रिंगांवर, टायरांवर आणि ब्रेकवर येतो. तेथे प्रश्न फळीचा राहत नाही, जिवाचा होतो.

"बागेची माती, खत आणि रोपे नेणार असशील तर या फळ्या खुशाल ठेव," असेही मी लिहिले. "रोज विटा वाहायच्या असतील तर पाइनच बरे. दर काही वर्षांनी तेलपाणी करावे लागेल, एवढेच." त्याने पहिला मार्ग पत्करला. यंदाच्या उन्हाळ्यात फळ्या सपाट राहिल्याचे त्याने आनंदाने कळविले आहे.

तुम्ही करून पाहा

३० से.मी.च्या दोन पट्ट्या घ्या, एक लाकडी व एक प्लॅस्टिकची. दोन्हींची जाडी मोजून ठेवा. दोन समान उंचीच्या पुस्तकगठ्ठ्यांमध्ये २४ से.मी. अंतर ठेवून त्यांवर पट्टी ठेवा. मध्यावर दोऱ्याने लहान डबी टांगा, तीत नाणी टाका आणि पट्टी किती खाली येते ते मोजा. नंतर अंतर १२ से.मी. करून तितकीच नाणी टाका. वाक खरोखर एक-अष्टमांश होतो का? शेवटी प्लॅस्टिकची भारित पट्टी रात्रभर तशीच ठेवा व सकाळी पुन्हा मोजा.

विचार करा

१. मित्राने फळ्या मार्चऐवजी जुलैच्या भर दुपारी घट्ट बसविल्या असत्या, तर हिवाळ्यात काय झाले असते?
२. फळीची दोन्ही टोके पक्की आवळून फक्त मधली भोके लंबगोल केली, तर चालेल का?

एका पदार्थाच्या जागी दुसरा वापरताना तो कुजतो की नाही एवढेच पाहून भागत नाही. तो किती वाकतो, कोणत्या दिशेने वाढतो आणि किती जड आहे, हे तीन प्रश्न आधी विचारावे लागतात. आमच्या मित्राने ते फळ्या बसविल्यानंतर विचारले. तुम्ही आधी विचारा!