हवेचे थर व दूरचे प्रक्षेपण : एक पाठ



सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी तापीकाठच्या एका गावी शिक्षक होतो. जूनअखेरीस, शाळा नुकतीच सुरू झाली असता, सहावीतील एका मुलाने वर्गात सांगितले की, आदल्या संध्याकाळी घरच्या दूरचित्रवाणी संचावर नेहमीचे चित्र पुसट होऊन उजवीकडून डावीकडे लिहिलेली अक्षरे दिसली. 'थापा मारू नकोस', असे म्हणून मी त्यास खाली बसविले. पुढे या विषयाचे वाचन घडले, तेव्हा मुलाचे म्हणणे खरे असू शकते, हे मला कळले.

या लहरी प्रकाशाप्रमाणे बहुतांशी सरळ जातात. पृथ्वी गोल असल्याने क्षितिजापलीकडे त्या सहसा पोहोचत नाहीत. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तरी सह्याद्रीपलीकडील खानदेशास त्याचा लाभ सहजी झाला नाही, याचे कारण हेच. तथापि दोन प्रसंगी हा नियम शिथिल होतो.

पहिला प्रसंग हवेच्या थरांचा. हिवाळ्यातील निरभ्र रात्री जमीन लवकर निवते. तिच्यालगतची हवा थंड व वरची उबदार, असा उलटा क्रम तयार होतो. पहाटे चुलीचा धूर वर न चढता शिवारावर पट्ट्यासारखा पसरलेला दिसतो, ती याचीच खूण होय. अशा थरांतून जाताना लहरी खाली वाकतात आणि पृथ्वीच्या गोलाईबरोबर दूरवर जातात. आपल्याकडील उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दिसणारे मृगजळ याच्या उलट असते. तेथे तापलेली हवा खाली असते व प्रकाश वर वाकतो. मुलांना हे दोन्ही शेजारी शेजारी आकृती काढून दाखवावे. समुद्रावर दमट हवेवर कोरडी उष्ण हवा पसरली म्हणजे हा परिणाम फार वाढतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईतील रडारवर दीड हजार किलोमीटरांहून दूर असलेल्या अरबस्तानचे प्रतिध्वनी उमटले होते, ते यामुळेच.

दुसरा प्रसंग फार उंचावरचा. भूपृष्ठापासून सुमारे १०० किलोमीटरांवर विद्युद्भारित कणांचे दाट पुंजके, विशेषतः उन्हाळ्याच्या महिन्यांत, अवचित तयार होतात. दूरचित्रवाणीच्या कमी वारंवारतेच्या लहरी त्यांवरून परावर्तित होऊन एक ते दोन हजार किलोमीटरांवर उतरतात. काही मिनिटांत वा तासांत तो पुंजका विरतो व चित्रही जाते. आखाती किनारा आपल्यापासून साधारण याच अंतरावर आहे. जूनमधील त्या संध्याकाळी बहुधा हेच घडले असावे.

आता दूरदर्शनची जुनी भूप्रक्षेपण केंद्रे बहुतेक बंद झाली असून घराघरांत उपग्रहाची तबकडी आली आहे. परंतु एफ. एम. रेडिओच्या लहरीही याच प्रकारे वागतात, म्हणून हा पाठ आजही प्रत्यक्ष घेता येतो. हिवाळ्यात महिनाभर इयत्ता सातवी-आठवीच्या मुलांकडून सूर्योदयाच्या सुमारास नोंद ठेववावी : तारीख, वेळ, आकाश, वारा, धुराची दिशा व उंची, आणि रेडिओवर एरवी न लागणारे एखादे केंद्र लागले काय. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये. दूरचे केंद्र लागलेल्या व न लागलेल्या दिवसांची तुलना मुलांनाच करू द्यावी. अँटेना फिरवून चित्र शोधणाऱ्या गावातील वडीलधाऱ्यांच्या आठवणीही त्यांनी लिहून आणाव्यात.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. मुलाने नवल सांगितले असता त्यास खोटे ठरवू नये, आणि चमत्कार म्हणून डोक्यावरही घेऊ नये. 'केव्हा पाहिलेस? किती वेळ दिसले? आकाश कसे होते?' एवढे तीन प्रश्न विचारावेत. मी ते विचारले नाहीत. त्या मुलाने वर्षभरात पुन्हा वर्गात आपणहून काही सांगितले नाही, याची रुखरुख मला अद्याप आहे.