भुकेचे मोजमाप

एखाद्या देशात किती माणसे अर्धपोटी राहतात हे सांगणे वरवर पाहता सोपे वाटते. माणसाला दररोज किती अन्न लागते ते ठरवावे, तो किती खातो ते पाहावे आणि ज्यांचे खाणे गरजेपेक्षा कमी भरेल त्यांची संख्या मोजावी, म्हणजे झाले, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात या तिन्ही पायऱ्यांवर अडचणी उभ्या राहतात आणि त्यांपैकी एकीचा जरी चुकीचा उलगडा केला तरी कोट्यवधी माणसे भुकेल्यांच्या यादीत शिरतात किंवा तिच्यातून गळतात. या अडचणींचा आयुष्यभर पाठपुरावा करणारे शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे होत.

सुखात्मे यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले व तेथे त्यांनी संख्याशास्त्रात १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. भारतात परतल्यानंतर काही काळ कलकत्त्यास अध्यापन करून १९४० मध्ये ते कृषी संशोधन परिषदेत रुजू झाले. शेतातील पिकाचा अंदाज नमुना-पाहणीने कसा करावा, हा त्यांचा तेथील मुख्य विषय होता.

त्या कामातील एक धडा येथे लक्षात घेण्याजोगा आहे. पिकाचा अंदाज करताना शेतात एक लहानसा तुकडा आखून तेवढ्याच भागातील पीक कापून तोलतात. तुकडा फार लहान असला की त्याच्या कडेवरची रोपे आत घेण्याकडे कापणाऱ्याचा कल होतो आणि उतारा वास्तवापेक्षा जास्त दिसतो. मोठ्या तुकड्यात कडेचा वाटा कमी असल्यामुळे ही चूक कमी होते. लहान तुकड्यांना पसंती देणारे प्रशांतचंद्र महालनोबीस आणि सुखात्मे यांच्यात यावरून बराच वाद झाला. सीमेवर काय मोजावे आणि काय सोडावे, हाच प्रश्न पुढे भुकेच्या संदर्भात सुखात्मे यांच्यापुढे अधिक गंभीर स्वरूपात उभा राहणार होता.

१९५१ ते १९७१ अशी वीस वर्षे सुखात्मे रोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. जगातील दोन-तृतीयांश लोक भुकेले आहेत, असे त्या काळी सांगितले जात असे. परंतु सरासरी अन्नपुरवठ्यावरून भुकेल्यांची संख्या काढता येत नाही, कारण अन्न सर्वांच्या वाट्याला सारखे येत नाही. म्हणून लोकसंख्येत उष्मांकांची वाटणी कशी झाली आहे याचा वक्र काढावा, त्यावर एक किमान मर्यादा आखावी आणि तिच्याखालील वाटा मोजावा, अशी रीत सुखात्मे यांनी बसविली. संयुक्त राष्ट्रे आज जगातील अर्धपोषितांचे जे प्रमाण दरवर्षी प्रसिद्ध करतात त्याचे मूळ याच रीतीत आहे.

ही किमान मर्यादा कोठे आखावी हाच खरा कळीचा मुद्दा होय. समजा, एका गावातील प्रत्येक माणूस आपल्या गरजेइतके अन्न खातो. गरजा मात्र निरनिराळ्या आहेत. कोणाची २,००० उष्मांक, कोणाची २,५००, आणि सरासरी २,२५०. आता सरासरीलाच मर्यादा मानली, तर जवळजवळ निम्मे गाव अर्धपोटी ठरेल. वास्तविक तेथे एकही माणूस उपाशी नाही! उलट, मर्यादा फार खाली नेली तर २,५०० उष्मांकांची गरज असणारा मजूर १,९०० वर दिवस काढत असूनही आपल्या कोष्टकात तृप्त म्हणून नोंदला जाईल. पहिल्या चुकीत आकडा फुगतो, दुसऱ्या चुकीत माणूस हरवतो.

सुखात्मे निवृत्त होऊन पुण्यास परतले त्याच सुमारास, १९७१ मध्ये, गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याविषयीचा प्रसिद्ध अभ्यास बाहेर आला. माणशी रोज २,२५० उष्मांक मिळण्यासाठी १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात वर्षाला १८० रुपये व शहरात २७० रुपये खर्च आवश्यक आहे, असे धरून त्यांनी ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक या पातळीखाली असल्याचे दाखविले. दारिद्र्य हटवावयाचे तर मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामे काढून रोजगार दिला पाहिजे, हा त्यांचा निष्कर्ष होता.

सुखात्मे यांनी या मर्यादेवरच आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे असे, की गरज केवळ माणसामाणसांतच बदलत नाही. एकाच निरोगी माणसाचे खाणे व खर्चही दिवसागणिक, आठवड्यागणिक बदलतात, आणि शरीर विशिष्ट मर्यादेत आपला समतोल आपणच राखते. म्हणून सरासरीऐवजी या चढउताराची खालची कड मर्यादा म्हणून घ्यावी. चढउतार सरासरीच्या १५ टक्के मानला आणि त्याच्या दुपटीने खाली उतरले, तर २,२५० ची मर्यादा १,५७५ वर येते. अशा हिशेबाने भुकेल्यांची संख्या पुष्कळच घटते.

दांडेकरांनी याला ठाम विरोध केला. माणसाचे खाणे काही दिवस घटते आणि नंतर भरून निघते, ही एक गोष्ट. गरिबाचे खाणे वर्षानुवर्षे घटलेलेच राहते, ही अगदी वेगळी गोष्ट. पहिल्या प्रकारच्या चढउतारावरून दुसऱ्या प्रकारची तूट निरोगी ठरविता येत नाही. १९७८ नंतरची काही वर्षे हा वाद नियतकालिकांतून चालला. तो केवळ विद्वानांचा वाद नव्हता. भुकेले थोडे आहेत असे ठरले, तर शासन त्यांना हुडकून तेवढ्यांपुरती मदत देऊ शकते; निम्मी जनता भुकेली असेल, तर कामाची आणि मजुरीची व्यवस्थाच बदलावी लागते. महाराष्ट्रात १९७७ चा रोजगार हमी कायदा याच काळात झाला, हे येथे आठवावे.

या वादाचा निकाल लावण्यासाठी शरीराचेच मोजमाप करणे आवश्यक होते आणि ते कार्य बंगळूरमध्ये झाले. तेथे १९७२ साली डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी सामाजिक व आर्थिक परिवर्तनाच्या अभ्यासाची संस्था स्थापन केली होती. अन्न, पोषण आणि दारिद्र्य यांवरील त्यांचा ग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच शहरातील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. प्रकाश शेट्टी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ कमी अन्नावर राहिलेल्या पुरुषांचा विश्रांतीच्या वेळचा ऊर्जाव्यय मोजला. तो कमी भरला हे खरे. परंतु त्यातील बराचसा फरक शरीर लहान आणि स्नायू थोडे असल्यामुळे होता. पेशी विशेष काटकसरीने काम करतात असा निःसंदिग्ध पुरावा पुढील मोजमापांत मिळाला नाही. थोडक्यात, गरीब माणूस कमी अन्नात भागवितो तो कसल्या गुप्त कौशल्याने नव्हे, तर देह आणि हालचाल आखडून. ‘लहान पण निरोगी’ हे तत्त्व केवळ गरिबांनाच का लागू करावे, असा प्रश्न डॉ. सी. गोपालन यांनीही १९८३ मध्ये विचारला होता.

प्रथिनांच्या बाबतीतही असेच घडले. पुरेसे उष्मांक पोटात गेले की प्रथिनांची गरज बहुधा आपोआप भागते, असे सुखात्मे सांगत, आणि केवळ प्रथिनांच्या चूर्णामागे लागलेल्या त्या काळात हा इशारा मोलाचा होता. परंतु पुढे सेंट जॉन्स येथे डॉ. अनुरा कुरपाड व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत लायसिन या घटकाची गरज १९८५ च्या आंतरराष्ट्रीय प्रमाणापेक्षा बरीच जास्त आढळली. २००७ च्या जागतिक अहवालाने ती शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास १२ वरून ३० मिलिग्रॅम अशी वाढविली. धान्यात लायसिन कमी असते. म्हणून डाळीवाचून नुसती भाकरी वा भात पोट भरील, पण ही उणीव भरून काढणार नाही.

सुखात्मे यांची आणखी एक शिकवण मात्र काळाच्या कसोटीस उतरली आहे. दूषित पाणी, जंत आणि हगवण असतील तर खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. म्हणून स्वच्छ पाणी व मलनिःसारण यांनाही पोषणाच्या कार्यक्रमात स्थान दिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील ३५.५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. हा आकडा केवळ ताटातील अन्नाकडे पाहून समजणार नाही.

सुखात्मे यांचे १९९७ मध्ये निधन झाले. त्यांची मर्यादा आज फार थोड्या तज्ज्ञांना मान्य होईल. परंतु मर्यादा कशाच्या आधारावर आखली हे स्पष्ट सांगितल्याशिवाय भुकेचा आकडा मांडू नये, हा त्यांनी घालून दिलेला दंडक सर्वांनाच पाळावा लागतो. आकड्याच्या कडेवर उभा असलेला माणूस आत घ्यावयाचा की बाहेर ठेवावयाचा, हे गणित एकटे ठरवू शकत नाही. त्यासाठी त्या माणसाचे वजन, त्याचे श्रम, त्याच्या घरचे पाणी आणि त्याच्या मुलांची उंची हीही पाहावी लागतात.