धामण डब्यात का ठेवू नये?

नाशिकच्या आसपास उसाच्या बांधावर तुम्ही धामण पाहिली असेल. ती बिनविषारी आहे; मग पकडून घरी पाळली तर? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा ठरतो. पण कायद्याइतकेच मोठे कारण तिच्या शरीरात आहे.

आपले शरीर अन्नापासून उष्णता निर्माण करून सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमान राखते. सापाला ही सोय नाही. तो उन्हातून सावलीत, सावलीतून उन्हात सरकून आपले तापमान सांभाळतो. पत्र्याचा एक डबा घ्या (रिकामाच, बरे का!), झाकणाला भोक पाडून प्रयोगशाळेतला तापमापक आत सोडा आणि मे महिन्याच्या उन्हात ठेवा. दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. आत साप असता तर तो सावलीत जाणार कसा? त्याला घामही येत नाही. आता निफाडकडची जानेवारीतली रात्र घ्या. गारठ्यात सापाचे पचन मंदावते, गिळलेला उंदीर पोटातच कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. म्हणून सर्पालयात पिंजऱ्याचे एक टोक उबदार व दुसरे थंड ठेवतात. मधोमध दिवा टांगून भागत नाही.

शेपूट धरून साप लोंबता उचलला, तर कण्याला इजा होऊ शकते. शिवाय घाईत नागालाच धामण समजण्याची चूक सहज होते. घरात साप निघालाच, तर दूर उभे राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि मोठ्यांना सांगून वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवा.